कात्री धरता यावी म्हणून

४ मार्च
साखर गेली! बिस्किटांचा डबा गेला, जामची बाटली गेली, तळायची कढई माळ्यावर गेली. लेक महिन्यापूर्वी राहायला आली ती माझं करायला म्हणून — आणि बघता बघता फौजदारीण झाली. दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंचा कागद फ्रिजवर चिकटवलाय. आठवड्यातून दोनदा मासे, पालेभाजी रोज, मूठभर अक्रोड, जवसाची पूड. शिवाय वजन उतरवायचं, म्हणजे गुडघ्यांवरचा भार कमी होईल.
मी म्हटलं, दुखतंय बोटांत आणि शिक्षा जिभेला? हसलीसुद्धा नाही.

५ मार्च
सकाळी उठल्यावर मूठ मिटायला सत्तर मिनिटं. हा आकडा रोज फ्रिजवरच्या कागदावर लिहायचा, असा हुकूम आहे. इथे मात्र खरं काय ते लिहिते — मला भीती वाटते. काल कोटाचं कापड कापताना कात्री दोनदा हातातून सुटली. तीस वर्षं शिवतेय, सगळं दुकान या बोटांवर उभं. डॉक्टर म्हणाले, सांधेवाताच्या गोळ्या चालू ठेवा, जोडीला खाणं सांभाळा, तीन महिन्यांनी बघू. तोवर कात्री धरता आली नाही तर दुकानाला कुलूप! लेकीला हे बोलले नाही.

११ मार्च
जवस म्हणजे निव्वळ भुसा!

१९ मार्च
चोरून केक खाल्ला. दुकानात, कपडे घालून बघायच्या पडद्याआड. तेवढ्यात कोटवाल्या शिक्षिकाबाई आल्या. "अहो, हनुवटीला क्रीम लागलंय तुमच्या." मेल्याहून मेल्यासारखं झालं.
घरी येऊन स्वतःच कबूल केलं. वाटलं, आता बोलणी बसणार. तर म्हणाली, "एका केकनं काही बिघडत नाही, आई. लिहून ठेव, उद्या जास्त दुखतं का बघू." दिवसभर दातांच्या कवळ्या बनवून दमून येते, तरी माझ्यासाठी मासे भाजते. आणि स्वतःही तेच मिळमिळीत जेवते, एक दिवस चुकत नाही. एवढं कोण करतं आईचं!

२ एप्रिल
टोमॅटो बंद केले होते तीन आठवडे — एका गिऱ्हाइकानं छातीठोकपणे सांगितलं म्हणून. काडीचा फरक नाही. आहारवाल्या बाई म्हणाल्या, "प्रत्येकाचं वेगळं असतं. तुम्हाला सोसतात ना? मग खा." मीठ लावून उभ्या उभ्या दोन खाल्ले.

२१ एप्रिल
तीस मिनिटं! आज कोटाची सहा काजं हातानं केली, एकही टाका वाकडा नाही. वजन तीन किलो उतरलं, जिना चढताना गुडघा कुरकुरत नाही. इतका आनंद झाला की रिकाम्या दुकानात एकटीच हसले.
लेक कागदाकडे बघतच राहिली. "खरंच ना, आई? माझं मन राखायला लिहीत नाहीस ना?" तीनतीनदा विचारलं. वेडी कुठली!

२ मे
एक शहाणपणा केलाय. गोळ्या बंद! त्यांनी मळमळतं, आणि खाण्यानंच एवढा गुण येत असेल तर गोळ्या हव्यात कशाला? फौजदारीणबाईंना पत्ता नाही. तीन महिने पुरे झाले की सांगेन.

१८ मे
नव्वद मिनिटं. कागदावर चाळीस लिहिलं. खाण्यात तसूभर बदल नाही, मग का?

२३ मे
मनगट टम्म सुजलं. कात्री उचलेना, नळ फिरेना. लेकीपुढे रडत सगळं सांगितलं — गोळ्यांचंही, खोट्या आकड्यांचंही. तशीच उचलून दवाखान्यात घेऊन गेली.
डॉक्टरांनी चांगले कान उपटले. "नीट खाल्लं तर दुखणं हलकं होतं, हे खरं. पण सांधे कुरतडणारा आजार आवरायला औषधच लागतं. एकाच्या बदल्यात दुसरं चालत नाही, बाई." गोळ्या पुन्हा सुरू. काही आठवडे जातील, पण कात्री धराल म्हणाले. जीव भांड्यात पडला.
घरात पाऊल टाकलं आणि लेक ओरडली, "मी ते आकडे बघून दिवस काढत होते, आई!" दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज. एवढं काय झालं, मला कळेचना. खूप वेळ दाराशी उभी राहिले.

२४ मे
सकाळी चहा घेऊन तिच्या खोलीत गेले. पलंगावर बसून मूठ मिटायचा प्रयत्न करत होती. मिटत नव्हती.
जानेवारीपासून! डॉक्टरांना दाखवलंच नाही. "तुझा आकडा उतरला की वाटायचं, माझंही जाईल. नुसत्या खाण्यानं. कुणाला सांगावंच लागणार नाही." बोटांचे सांधे हुबेहूब माझे. मी तिला जवळ घेतलं.
कात्री गेली चुलीत. नऊला दवाखाना उघडतो. येत नाही म्हणाली तर फरफटत नेईन.