अण्णांची गाडी साताऱ्यास का मानवणार नाही

ईडन प्रेरी, मिनेसोटा
संक्रांत उलटून आठवडा झाला

ती. वन्सं यांना,

शरयूचा वाकून नमस्कार. (इथे वाकलं की अंगातले तीन स्वेटर पोटाशी गोळा होतात, तेव्हा तो मनातल्या मनात केला आहे, गोड मानून घ्या.) तुमचे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का? आम्ही इकडे खुशाल आहोत. थंडी तर आमच्यापेक्षाही खुशाल आहे. आज बाहेर उणे बावीस. साताऱ्याला शाल काढली की थंडी पडली म्हणतात; इथे नाकातला श्वास कडक झाला तरी शेजारीण "लव्हली डे" म्हणून हात हलवते.

तुमचा निरोप परीक्षितने सांगितला. सावनीचा भाऊ अनीश पुढच्या महिन्यात पुण्याला येतो आहे, त्याच्याबरोबर आमच्या अण्णाची ती रिमोटची गाडी पाठवा, काचेच्या कपाटात त्याच्या फोटोखाली ठेवीन, असं तुम्ही म्हणालात. परीक्षित लगेच म्हणाला, "आत्याने मागितली म्हणजे द्यायलाच हवी." सावनीने तर खोकंही शोधून ठेवलं आहे. बहिणीने भावाची वस्तू मागितली तर भावजयीने नाही म्हणायचं नसतं, एवढं मला कळतं. तुमच्या घराण्यात पस्तीस वर्षं काढली आहेत. मी नाही म्हणत नाही. पण घरात काय येतं आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असावं, म्हणून त्या वस्तूचे गुण कळवते.

गाडी म्हणजे खेळणं हो, पाटाएवढं. चार गुबगुबीत चाकं, वर निळा प्लॅस्टिकचा टप आणि हातात धरायला पिस्तुलासारखा रिमोट. इथल्या मराठी मंडळातले बाप्ये, ज्यांची पोरं कॉलेजात जायला आली, ते हिवाळ्यात दर शनिवारी तळ्यावर जमून असल्या गाड्या बर्फात पळवतात. तळं गोठलेलं असतं, पाय काही बुडत नाहीत, अक्कल बुडते. त्यांचा म्होरक्या राजेश म्हणून नागपूरचा एक आहे. तो हृदयात बसवायची यंत्रं करणाऱ्या कंपनीत मोठा इंजिनिअर आहे. त्याच्या भरवशावर शेकडो माणसांची हृदयं चालतात आणि त्याची स्वतःची गाडी दहा मिनिटं सलग चालत नाही. आपल्या परीक्षितने ही गाडी आणली स्वतःसाठी. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं इथे राहायला आलो, ह्यांनी ती एकदा हातात घेतली आणि मग ती परीक्षितची राहिलीच नाही. बँकेत आयुष्यभर चुकून कधी टाय सैल न केलेला माणूस, कानटोपी घालून बर्फात "वळ, वळ, अगं वळ" असं ओरडत उभा! तळं घरासमोरच, मी खिडकीतून बघायची आणि पडदा ओढून घ्यायची.

आता तिची उठाठेव ऐका. बाळंतिणीची होणार नाही एवढी. तिची बॅटरी थंडीत गारठली की निम्मं काम करून मान टाकते, म्हणून ती कोटाच्या आतल्या खिशात छातीशी धरून न्यायची. (आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माझा हात असा कुणी धरला नव्हता.) परत आणली की लगेच चार्जिंगला लावायची नाही, आधी घरात बसवून तिचा गारठा उतरू द्यायचा, नाहीतर पेट घेते. प्लॅस्टिक थंडीने पापडासारखं होतं, एक ढेकूळ लागलं की चाकाचा दांडा कटकन मोडतो. चाकं घसरू नयेत म्हणून वायरी बांधायच्या पट्ट्या त्यांना आवळायच्या. आत पाणी जाऊ नये म्हणून रिमोटचं ऐकणारी जी डबी असते तिला फुगा चढवायचा. मी सावनीला विचारलं, हा कुणाच्या वाढदिवसाचा? तिचं लक्ष कुठे? त्या वेळी तिच्या केस वाळवायच्या यंत्राने परीक्षित गाडीच्या पोटातला बर्फ वितळवत होता. "परीक्षित, यार, मला मीटिंग आहे!" अशी ती ओरडली आणि ओले केस घेऊन गेली. माझ्या कपबशांच्या शेजारी चाकं वाळत असतात. जमिनीतून गरम हवा येते त्या जाळीवर, जिथे माझे सांडगे छान वाळले असते, तिथे ही महाराणी बसते.

सगळं करून शेवटी गंज चढायचा तो चढतोच. बर्फाचं पाणी चाकाच्या छर्ऱ्यांत शिरतं. त्यावर एक खास तेल मिळतं, ते गाडीबरोबरच्या पुस्तिकेत ठळक अक्षरात लिहिलं आहे. पुस्तिका मी वाचली. (माझी शाळा अकरावीला सुटली, वाचायचं सुटलं नाही, डिक्शनरी मांडीवर घेऊन हिवाळ्यातल्या दोन दुपारी घालवल्या. इथल्या लायब्ररीतल्या मुलीने विचारलं, "आर यू अ मेकॅनिक?" मी म्हटलं, नो, वाइफ.) इंजिनिअरांपैकी कुणीही वाचली नव्हती. तुमच्या भावाने तर नाहीच. ह्यांनी काय करावं? न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली आणून सगळ्या चाकांना, आतल्या दातेरी चक्रांना, सांध्यांना माखून तेल घातलं. म्हणे, लहानपणी तुमच्याकडचं शिवणयंत्र, कडीकोयंडा, माळ्याचा कप्पी-दोर, सगळं खोबरेलावर चालत असे. वन्सं, चालत असेल, साताऱ्याला चालत असेल! राजेश मान डोलवून म्हणाला, "काका, एक नंबर आयडिया आहे!" इतकी शिकलेली डोकी, आणि मार्गशीर्षात बाटली उन्हात ठेवल्याशिवाय ज्याचा थेंब निघत नाही ते हे तेल, हे एकाला आठवू नये? तळ्यावर नेईपर्यंत ते मेणबत्तीसारखं थिजलं. बटण दाबलं की गाडी नुसती कण्हत होती. ह्यांनी ती उलटी करून बघितली, चाकांत पांढरं पांढरं लोणी. राजेश म्हणतो, "काका, हे तर थिजलं न." ह्यांना इतकं हसू आलं की तिथेच बर्फावर बसले. मग मला खिडकीत काय वाटलं ते सोडा. सर्दी मात्र ह्यांना आठ दिवस पुरली.

त्यानंतरचा हिवाळा ह्यांनी बघितला नाही. ते तुम्हाला मी सांगायचं कारण नाही. आम्ही तिकडे परतलो, आणि श्रावणात तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात. मी परीक्षितबरोबर पुन्हा इकडे आले तेव्हा गाडी गॅरेजमध्ये फावड्यामागे पडली होती.

आता ताजी हकिकत. ह्या संक्रांतीला मंडळाने तळ्यावर शर्यत ठेवली. बायका घरात हळदीकुंकू करतात म्हणून बाप्यांना बर्फात शर्यत, असा त्यातला न्याय. (माझं हळदीकुंकवात काम नव्हतं, कुणी बोललं नाही, मीच समजून घेतलं. म्हणून मी तळ्यावर गेले.) परीक्षितने अण्णांची गाडी आणली होती. शर्यत सुरू व्हायला आणि त्याला ऑफिसचा फोन यायला एकच गाठ पडली. तेव्हा ज्याच्या हाती रिमोट आला त्या शहाण्या माणसाने गाडी अशी सोडली, की राजेशची बाजूला उलटली, बाकीच्या मागे पडल्या आणि ही सरळ तळ्याच्या मध्यावर! तिथे एक गोरा म्हातारा बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसला होता. वळ, वळ म्हणेपर्यंत गाडी नाक खाली करून त्या भोकात. मागची चाकं वर गरागरा, आणि बर्फाचं पाणी म्हाताऱ्याच्या मिशांवर. मिशा तिथल्या तिथे कडक झाल्या. त्याने शांतपणे गाडी शेपटीला धरून वर काढली, उलटसुलट बघितली आणि म्हणाला, "फारच लहान आहे. परत पाण्यात सोडावा लागेल." राजेश धावत जाऊन सॉरी सॉरी म्हणाला, तिळगूळ दिला. म्हाताऱ्याने तो चावून बघितला आणि दात शाबूत आहेत का तेही बघितलं.

तर वन्सं, अशी ही गाडी. नाक चेपलेलं, एक दांडा मोडून जोडलेला, पोटात तळ्याचं पाणी गेलेलं. तुमच्या कपाटात चिनी मातीची बदकं आहेत, लग्नातला चांदीचा करंडा आहे. त्यांच्यात हे ध्यान काय शोभणार? शिवाय तिला थंडीची सवय लागली आहे, साताऱ्याचा चैत्र तिला सोसेल असं मला वाटत नाही. तुम्ही शहाण्या आहात. अधिक काय लिहू? भाऊजींना नमस्कार, तुमच्या जयला आशीर्वाद, आणि गुडघ्यांना जिना दाखवू नका.

तुमची
शरयू

ता. क. — कुणाकडून तरी कळेलच, म्हणून मीच लिहिते. तो रिमोट हाती आलेला शहाणा माणूस मी. परीक्षित म्हणाला, "आई, फक्त धरून ठेव." मी धरला. पण मला चालवता येते, हे त्याला कुठे ठाऊक? ही दोघं ऑफिसला गेली की रोज दुपारी मी मागच्या अंगणात चालवते. बॅटरी कोटाच्या आत ठेवते. शेजारीण हात हलवते. माझे दोन्ही हात गुंतलेले असतात, मी मान हलवते. म्हाताऱ्याचं भोक येईपर्यंत मी पहिली होते, हेही राजेशने कुणाला सांगितलं नसणार.

ता. क. दुसरा — मी नाही म्हणू शकत नाही, पण तुम्ही नको म्हणू शकता. अनीश निघायच्या आत परीक्षितला फोन करा आणि आपण होऊन सांगा, की कपाटात जागा नाही. माझं पत्र आलं होतं असं म्हणू नका. गाडीऐवजी ह्यांचं मनगटी घड्याळ पाठवते. ते बंदच आहे, कपाटात छान राहील.

ता. क. तिसरा — मुख्य अडचण लिहायची राहिलीच. परीक्षितने गाडी तीनदा धुतली, दातेरी चक्रं सोडवून पुसली, तरी ते खोबरेल काही पुरतं निघालं नाही. दोन फेऱ्या मारून गरम झाली की ह्यांच्या डोक्याचा वास येतो. असली वासाची वस्तू तुमच्या कपाटात नको.