गुडघ्यांची पुडी

ती. आईला धाकटीचा दुरून नमस्कार.

मी बरी आहे, हे आधी. बेकरीत मैदा मळणारी माझी बोटं सकाळी आखडायची, म्हणून तू पाठवलेली गुडघ्यांची पुडी मीही घेतली. दुसऱ्याच दिवशी दुखणं पळालं! मी कौतुकाने डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर त्यांनी पुडी तपासायला पाठवली.

आई, त्या जडीबुटीत स्टेरॉइड निघालं गं! डॉक्टरीणबाईंनी लगेच विचारलं,

"आई कधीपासून घेते?"

"दोन वर्षं. उलट तब्येत सुधारलीय," म्हणत मी तुझा फोटो दाखवला.

"ही तब्येत नाही, सूज आहे."

आणि आम्ही म्हणत होतो, आई कशी छान भरली!

फोनवर तू "काही होत नाही गं" म्हणून उडवून लावलंस, म्हणून लिहिते. पुडी एकदम बंद करू नकोस, शरीराला त्या स्टेरॉइडची सवय झालीय, जिवावर बेतेल. दादाबरोबर लगेच डॉक्टरांकडे जा. ते ती हळूहळू सोडवतील, संधिवाताचं खरं औषध आणि व्यायाम देतील. मलाही संधिवातच निघालाय, पण वेळेवर कळला, सांधे वाचतील म्हणतात.

मावशीलाही तूच मायेने पुडी दिलीस ना? तिलाही सोबत ने. दोघी जाऊन आलात की आधी मला कळवा, तोवर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

तुझीच,
धाकटी