दहावं गाणं

बाबा,

तुला जाऊन सतरा वर्षं झाली, आणि अजूनही मला भांडायला तूच लागतोस. आमच्या बँडचा पहिला अल्बम पुन्हा निघतोय. वाढीव आवृत्ती म्हणतात त्याला: जुनी नऊ गाणी, शिवाय तेव्हा वगळलेलं, तालमीतलं, अर्धवट राहिलेलं सगळं, आणि सोबत फोटोंची पुस्तिका. तू ज्याला ‘डबे बडवणं’ म्हणायचास, त्याला आता लोक अभिजात म्हणतात. पंक म्हणजे काय, हे मी तुला एकदा सांगायला गेले होते. वाजवता फारसं येत नाही, पण बोलायचं असतं, म्हणून जोरात वाजवायचं. तू म्हणालास, “बोलायचं हाय तर घरात बोल ना गो.”

घरात बोलले होते की मी. आगरदांड्याच्या बर्फाच्या कारखान्यात अमोनिया सुटला तेव्हा मशीनवर तू होतास. नंतर तीन आठवडे डोळ्यांवर ओला पंचा ठेवून पडून होतास, आणि श्वास घेताना तुझ्या छातीतून शिट्टी वाजायची. व्हॉल्व्ह जुना झालाय, बदला, असं तूच शेठला वर्षभर सांगत होतास. तो शेठ आपल्या ओटीवर येऊन बसतो, आईने केलेला चहा पितो आणि म्हणतो, “चूक तुझीच होती, पण मी तुला कामावरून काढणार नाही.” आणि तू पडल्या पडल्या हात जोडतोस. मी दारात उभी होते, एकोणीस वर्षांची. “बाबा, खोटं बोलतोय हा,” मी म्हटलं. तू म्हणालास, “तू आत जा.” मी आत गेले आणि गाणं लिहिलं, शेठचं नाव घेऊन.

मुंबईत रेकॉर्डिंगच्या शेवटच्या दिवशी तू स्टुडिओच्या दारात येऊन उभा राहिलास. अंगात लग्नाकार्याचा पांढरा शर्ट, मांडव्याहून लाँचने येताना खाऱ्या पाण्याने भिजलेली एक बाही. गाण्याचं कुणीतरी शेठच्या कानावर घातलं होतं. पुढची हकिगत मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले, मुलाखतींत, मैत्रिणींना, माझ्या मुलीलाही: वडील आले आणि त्यांनी गाणं काढायला लावलं. लोक हळहळतात. मला ते आवडतं.

गेल्या मंगळवारी रेकॉर्ड कंपनीतल्या बाईंनी ती जुनी टेप ऐकवली. गाणं संपल्यावर कुणी मशीन बंदच केलं नव्हतं. तू खोकतोयस. मग म्हणतोयस, “मी काय सांगनार न्हाय. गाणं तुझं हाय. ठेवायचं तर ठेव, मी दुसरीकडं काम बघीन.” मग माझा आवाज: “काढून टाका.”

मी बाईंना पुन्हा लावायला सांगितलं. तेच. राग आला तो तुझाच. तसली छाती घेऊन तुला दुसरीकडे कोण काम देणार होतं? हे तुलाही ठाऊक होतं, मलाही. मग विचारायला आलास कशाला? दम दिला असतास तर मी भांडले असते, भांडून गाणं ठेवलं असतं. तू सगळं माझ्यावर सोपवून मोकळा झालास, आणि पुढे बारा वर्षं त्याच शेठच्या त्याच मशीनवर खोकत राहिलास. त्या दिवसाबद्दल घरात एक अक्षर काढलं नाहीस. एकदा तरी ओरडायचं होतंस माझ्यावर.

दहावं गाणं आता येतंय, शेठच्या नावासकट. बाईंनी विचारलं, “आणि नंतरचं बोलणं? ते ठेवूया ना?” मी म्हटलं, कापा. पुस्तिकेसाठी मी तीच जुनी हकिगत लिहून दिली आहे, तू आलास आणि गाणं काढायला लावलंस ती. काल ती छपाईला गेली. मला थांबवता आली असती.