शेंडे छाटलेले नऊ पाम

पासली,
गुरुवार

प्रिय बंडू,

प्रिय लिहिताना हात अडखळला, पण आबांनी मला पत्र असंच सुरू करायला शिकवलं, म्हणून लिहिलं. त्याचा जास्त अर्थ लावू नकोस. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून कागद घेतला. विंझरचा नर्सरीवाला पप्पू टेम्पो घेऊन पुण्याला निघालाय, त्याच्या हाती देते. रविवारच्या आत वाच.

रविवारी तू गाडी घेऊन येणार आणि आबांना भोरकडच्या कुठल्याशा वृद्धाश्रमात सोडणार, असं तुझ्या बायकोनं, शेफालीनं कळवलं. का, तर त्यांनी इथं आपल्या घराशेजारी बांधलेल्या तुझ्या बंगल्यापुढच्या नऊ रॉयल पामांचे शेंडे कोयत्यानं उडवले. म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणे! वा रे शहाण्या! आबा जन्मभर राबासाठी ऐनाची झाडं शेंड्यापासून छाटत आले. तो टहाळ जाळायचा, त्या राखेत भाताची रोपं टाकायची, आणि त्याच भातावर तू पोसलास. छाटलेलं ऐनाचं झाड पावसाळ्यात दुप्पट फुटतं. तुझ्या पामांची पानं पिवळी पडली, गेंडा भुंग्यानं कोवळे कोंब कुरतडले, तेव्हा ऐनाचं करतात तेच त्यांनी केलं. पामाला एकच शेंडा, तो गेला की झाड संपलं, हे त्यांना कधी सांगितलंस? तू त्यांच्याशी बोलतोस तरी कधी!

चार वर्षं त्या झाडांचं मी केलं. उन्हाळ्यात विहिरीवरून हंडे आणले, पानांच्या बेचक्यात वाळू आणि निंबोळी पेंड भरली, वाळलेल्या झावळ्या ओढून काढल्या. झाडांवर माझा राग नव्हता, ती बिचारी गुमान वाढत होती. चीड तुझी आली. रोज सकाळी तुझा व्हिडिओ कॉल. खत घातलं का, मोबाईल वर धर, अजून वर. गेल्या श्रावणात आबा पडवीत तापानं फणफणले होते. मी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. तुझा आवाज ऐकून ते धडपडत उठले, टोपी नीट केली. आणि तू म्हणालास, ताई, मोबाईल जरा अंगणाकडं फिरव, तिसरा पाम वाकडा दिसतोय. आबा परत आडवे झाले आणि त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. तुला ते दिसलंसुद्धा नाही.

परवा तू त्यांना फोनवर वेडा म्हणालास, ते मी शेजारी उभी राहून ऐकलं. लाज वाटली नाही? तेव्हापासून ताटातला भात तसाच राहतोय. पिशवीत दोन धोतरं आणि चष्मा भरून ठेवलाय. दिवसातून दहादा मला विचारतात, सुले, माझं डोकं खरंच गेलं का गं? न्हाई आबा, एवढंच म्हणते आणि चुलीपाशी जाऊन बसते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. झाडं लावली त्याच दिवशी पप्पूनं मला बजावलं होतं, ताई, काय वाट्टेल ते करा, पण शेंड्याला कोयता लावू नका, झाड मरतं. म्हणजे मला चार वर्षं ठाऊक होतं. कोयता हातात घेण्याआधी आबांनी मला विचारलं, सुले, ही छाटली तर फुटतील ना गं? मी म्हणाले, व्हय, फुटतील की. कोयत्याला धार मी लावून दिली. शिडी मी धरली, पहिल्या झाडापासून नवव्यापर्यंत, आणि एकदाही थांबा म्हणाले नाही. खरं सांगते, प्रत्येक शेंडा खाली पडताना मला गार वाटत होतं. त्याची शिक्षा त्यांना होईल असं मनात आलं नाही, आणि चार दिवस मी तोंड शिवून बसले. आज त्यांच्यासमोर बसून सगळं सांगणार आहे. आबांचं डोकं जाग्यावर आहे, बंडू. त्यांनी पोटच्या लेकीला विचारलं आणि तिच्या शब्दावर ते शिडी चढले.

तुला कडेवर घेऊन वाढवलेली, आणि तुझी नऊ झाडं जाणूनबुजून मारलेली, तुझीच
सुलूताई