उजव्या हाताला आलेला ताप

२ मार्च

चि. खारूताईस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

काल दारात सगळ्यांत आधी आली ती बाळाची टोपी, मग बाळ, मग तुझी वहिनी, आणि पिशव्यांच्या मागे कुठेतरी तुझा दादा. बाप झाल्यापासून तो हमालच दिसतो, ते असो. वहिनीने बाळ माझ्या हातात दिलं आणि उजव्या हाताला असा चटका बसला, की बाळ तापाने फणफणलंय म्हणून मी ओरडलेच. चाळीस वर्षं इस्त्रीचं दुकान चालवलेली बाई मी, गरम किती ते नुसता हात जवळ नेऊन सांगते. माझ्यावर शंका कोण घेणार? तसेच धावलो डॉक्टरकडे. तापबिप काही नव्हता. डॉक्टर हसला, वहिनी रडली.

ती कामावर रुजू झाली की बाळ माझ्याकडे राहणार, असं ठरलेलं. आता म्हणते, पाळणाघर बघते. चुकलं कुठे तिचं? आज चहाचा कपही त्या हाताला निखारा लागला. मागच्या महिन्यात तिथेच इस्त्रीची कड लागली होती, पण ती जखम भरली, खपलीसुद्धा पडली. म्हणजे हात बरा आणि डोकं गेलं, असंच ना? तू त्या प्रयोगशाळेत दुखण्याचाच अभ्यास करतेस, तर खरं काय ते लिही. गोड गोड नको.

तुझी आजी

७ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं डोकं जागेवर आहे. आधी हे वाच, मग बाकीचं.

कातडी वरून भरली तरी आत डागडुजी चालूच असते. भाजलेल्या जागच्या पेशी काही रसायनं सोडतात. ते म्हणजे नसांच्या टोकांना धाडलेले निरोपच. निरोप पोचला की नस हळवी होते. एरवी चटक्यालाच जागणारी ती, मग नुसत्या उबेलाही बोंब मारते. बाळाचं अंग नेहमीएवढंच गरम होतं. दुखऱ्या जागेला आपण जपावं म्हणून शरीर हे करतं. आतलं भरत आलं की निरोप थांबतात आणि नस शांत होते.

कोमट पाण्यात फडकं पिळून आधी डाव्या हाताला लाव, मग उजव्या, म्हणजे फरक कळेल. डॉक्टरांना हात दाखव. आणि हे पत्र वहिनीला वाचायला दे, लपवलंस तर मीच फोन करीन.

तुझा लोभ उतू जातोय, तसाच जाऊ दे.
खारूताई

१५ मार्च

चि. खारूताईस आजीचे मागच्यापेक्षा दुप्पट आशीर्वाद. वि. वि.

जीव भांड्यात पडला गं! पत्र तीनदा वाचलं. माझी शाळा चौथीपर्यंत आणि तुझं अक्षर म्हणजे शाईत बुडवून सोडलेल्या मुंग्या. डॉक्टरनेही तेच सांगितलं, मलम दिलं. मी आपलं असं बसवलं, की एकदा दूध उतू गेलं की माझी सासू आठ दिवस पातेल्यापुढे उभी, साधी वाफ दिसली तरी आरडाओरडा. तशी माझी नस. चूक असेल तर सांग.

काल वहिनीला बोलावून पत्र हातात दिलं. तिने ते वाचलं. मग स्वतःच कोमट पाणी काढलं, फडकं पिळलं. डाव्या हाताला बरं वाटलं, उजव्याला टेकवलं मात्र, मी स्टुलावरून उडालेच. ती इतकी हसली की बाळ दचकलं. मग मलाच रागावली, एवढं भाजलं तर सांगायचं नाही का, आम्ही काय परके. त्या दिवशी ती माझ्यावर चिडून रडली नव्हती गं. आजीचा हात चुकला म्हणजे आजीला काहीतरी झालं, या धास्तीने रडली होती. आणि मी मेली इथे भलतंच धरून बसले होते.

मग बाळ माझ्या डाव्या हातावर दीड तास निजलं. हात बधिर झाला, पण हलतंय कोण! पाळणाघराचा विचार तिनेच सोडला.

लोभ ठेव, अक्षर सुधार.
तुझी आजी

ता. क. सोमवारी सकाळी आठला बाळाला घेऊन येते म्हणालीय. रोजसाठी.