दिवसा सांगितलेल्या गोष्टी

७ नोव्हेंबर १९४६, शहापूर, बेळगाव

एकदाची जागा मिळाली! विणकर सुबरावांच्या घरातली रस्त्याकडची खोली. शेजारच्या सोप्यात माग, मागे चूल आणि मध्ये मी. मागाची खटखट पहाटेपासून सुरू होते म्हणे, पण जावाबेटात तोफा ऐकत झोपलेल्या माणसाला ही अंगाईच. सुबरावांच्या बायकोने, नागुबाईंनी, आल्या आल्या भाकरी-झुणका वाढला. भाड्याचं मागनं बघू म्हणाल्या. त्यांची लहानगी मनु माझ्या ट्रंकेवर चढून बसली ती उतरेचना. फार दिवसांनी बरं वाटलं.

पलटणीत मी कारकून होतो. तिकडून येताना तीन गोष्टी आणल्या: मोडकीतोडकी मलायी भाषा, हिवताप आणि सुराबायाच्या बाजारात घेतलेलं एक पुस्तक. तिथल्याच एका शाळामास्तराने लिहिलेल्या भुतांच्या गोष्टी. इथल्या एका छापखानेवाल्याला त्याचं मराठी करून हवं आहे. लढाईत एवढी माणसं मेली, तरी लोकांना भुतं विकतच घ्यायची आहेत! असो. पोटाला मिळेल.

११ नोव्हेंबर

काम चालतं, अंग चालत नाही. दोन पानं झाली की डोळे मिटतात. क्विनीनने तोंड कडू झालं आहे.

हा जावाचा मास्तर मोठा बेरकी. भूत कसं दिसतं ते सांगतच नाही. ते आलं तेव्हा घरात कोण काय करत होतं, तेवढं सांगतो. एका गोष्टीत पुरताना कफनाची गाठ सोडायची राहून जाते. मेलेला रोज दारात येऊन एवढंच म्हणतो, गाठ सोडा. घरचे आतून कडी घालतात. मला भीती वाटलीच नाही, वाईट मात्र वाटलं.

१४ नोव्हेंबर

नागुबाईंचा धाकटा भाऊ परशराम दुसऱ्या पलटणीत आहे, अजून जावातच. मीही तिकडचाच हे कळल्यापासून त्या मला अण्णा म्हणू लागल्या. आज दुपारी रहाटावर मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता म्हणाल्या, त्या मुलखातली गोष्ट सांगा की. मी म्हटलं, संध्याकाळी सांगतो. तर म्हणाल्या, रॉकेल कुठलं आलंय? आन् सांजंला माझं अंग मोडून आल्यालं असतंय.

शेजारच्या बायाक्का उंबऱ्यावर बसून होत्या. त्यांनी लगेच हात आडवा केला. दिवसा गोष्ट सांगू न्हाय, ऐकनाऱ्या पोराचा मामा वाट चुकतोय. हे मीही लहानपणी ऐकलेलं. नागुबाई हसल्या. म्हणाल्या, माझा भाऊ बोटीनं येनार हाय. बोटीची वाट खलाशी बघंल, त्येला काय करायचंय!

मीही हसलो आणि गोष्ट सांगितली. मनुने प्रत्येक वाक्याला हुंकार दिला.

१९ नोव्हेंबर

रोज दुपारी गोष्ट. सुबराव मागावर, नागुबाई रहाटावर, मनु माझ्या मांडीवर. नागुबाईंना भुतांचं काहीच नाही. मध्येच विचारतात, तिकडं झाडं कसली, पाणी गोडं हाय का, भाकरी मिळती का. मिळत नाही म्हटलं तर डोळ्याला पदर लावला. भुताच्या गोष्टीत भावाचं जेवण शोधणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. दमलेला असतो, पण तिला नाही म्हणवत नाही.

२२ नोव्हेंबर

बोट मुंबईला लागल्याची खबर आली. घर सारवून झालं. सुबरावांनी मेहुण्याला धोतरजोडी आणली. मनु दर घटकेला दारात. आजही गोष्ट झाली, आनंदात जरा लांबलीच.

२६ नोव्हेंबर

कणकुंबीचा रवळू म्हणून एक शिपाई आला. परशरामबरोबरच सुटलेला. हातात त्याच्यासाठी आणलेला मध. तो कुठंय म्हणून विचारू लागला.

परवा दुपारी दोघं बेळगाव स्टेशनात उतरले, चहा प्याले. परशरामला शहापूरच्या रस्त्याला लागताना रवळूने डोळ्यांनी पाहिलं. जन्म गेलेल्या गावातला रस्ता आणि डोक्यावर ऊन. त्याच वेळी मी इथे गोष्ट सांगत होतो.

 नागुबाईंचा रहाट थांबला.

२९ नोव्हेंबर

सुबराव इस्पितळ, चौकी, छावणी सगळं पालथं घालून आले. माग बंद आहे.

आज पुन्हा रवळू आला, घामाघूम. परशराम त्याला कणकुंबीच्या रानाकडे दिसला. शहापूरची वाट विचारत होता. रवळूने दंड धरून त्याला मोटारीच्या रस्त्यावर आणलं. तो बरं म्हणाला आणि वळून रानात शिरला.

नागुबाई मला जेवायला वाढतात, अण्णा मात्र म्हणत नाहीत.  पुस्तक ट्रंकेच्या तळाशी टाकलं आहे.

१ डिसेंबर

आला. भर दुपारी, गल्लीतून. खाकी कपडे, खांद्यावर पिशवी, बुटांचे तळ गेलेले. नागुबाई धावत उंबऱ्यावर गेल्या. त्याने त्यांनाच हात जोडून विचारलं, आक्का, नागुबाई विणकरणीचं घर कुठं आलं?

हेच रं बाबा, मीच तुझी आक्का, म्हणून त्यांनी हंबरडा फोडला. त्याने नीट ऐकून घेतलं. बरं म्हणाला आणि पुढे चालू लागला.

सुबराव मागे पळाले. कोपऱ्यावर कोणी नव्हतं.

मी दारात होतो. पाय उचलला नाही. भ्यालो होतो.

३ डिसेंबर

रोज येतो. काल मनुने मामा म्हणून हाक मारली. तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, माझी भाची बी तुझ्याएवढीच असंल बघ. आणि गेला.

नागुबाई त्याच्यामागे निघाल्या होत्या. सुबरावांनी कवेत धरून आत आणलं. बायाक्का म्हणतात, मागनं जाईल तीबी त्याच वाटंला लागंल. ज्यानं चुकवलं त्यानंच आनून सोडावं.

म्हणजे मी.

उद्या सुबरावांचा हात सुटला की नागुबाई जाणार. मग मनुला आईही नाही. मरगळ आली आहे, ताप आहे — पण जायला हवं.

४ डिसेंबर

वही खिशात घातली. तो आला, बरं म्हणाला, निघाला. मी मागून जाऊन हात धरला. वाटलं होतं गार असेल. ऊबदार आहे, माझ्यासारखाच. त्याला वळवलं. घर चार पावलांवर.

चालतो आहोत. सारखं बहिणीचंच बोलतो. चांगला पोरगा —

बसलोय. कुणाच्या तरी पायरीवर. गल्ली तीच. प्रत्येक घरात मागाची खटखट, पण आपलं दार येत नाही. ऊन कलत नाही. किती वेळ — कळत नाही.

रान. मग पुन्हा गल्ली.

पाय बधीर. हात सोडलेला नाही. सोडणार नाही.

सापडलं! नागुबाई उंबऱ्यावर, मनु मांडीवर. ओरडलो — आणलं, तुमच्या भावाला आणलं —

त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. आमच्या दोघांकडे. तांब्या पुढे केला. म्हणाल्या, लांबनं आलासा जनू. कुनाचं घर पायजे, बाबा?

हेच, म्हणायचं होतं. हेच — नागुबाई, हेच —

तोंडातून आलं, बरं.

पाय आपोआप —