पाट्याच्या पुढच्या क्लिपा

महाड, रविवार, दिवेलागण

आज पोलादपूरला काकांकडे गेलो आणि डोकं फिरवून घेऊन आलो. काकांची मुंबईत टॅक्सी म्हणून चाललेली जुनी गाडी नितीनने रेससाठी केली आहे. मागे जीपचा जाड एक्सल, नवे शॉकअप, नवे कमानपाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. वीस वर्षं घाटातल्या जीपांचे पाटे मी बांधतोय, आणि अंगणात कौतुक माझ्या धाकट्या चुलतभावाचं.

वाकून पाहिलं तर पाट्यांना पुढच्या बाजूला पट्ट्या एकत्र आवळून धरणाऱ्या क्लिपाच नाहीत. क्लिपा नसल्या की गाडी सुटताना पाटे पिळतात आणि मागची चाकं उड्या मारतात. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

गाडी जॅकवरून उतरवताना काकी म्हणाली, "तू थोरला, नारळ तूच फोड." फोडला. राखण कर म्हणून गाऱ्हाणंही घातलं, पण क्लिपांचं बोललो नाही. असं गाऱ्हाणं कुठला देव ऐकेल?

घरी आलो तरी डोक्यात त्या क्लिपाच. शेवटी फोन केला. "नित्या, पुढच्या क्लिपा राहिल्यात रे."

"ठाऊक हाय, दादा. त्या तुझ्या हातनं बसवायच्या म्हणून ठेवल्यात. तुझ्यासारखा पाटा मला नाय बांधता येत."

म्हणजे मोठेपणाही त्याचाच. उद्या जाऊन क्लिपा बसवीन, घट्ट बसवीन. गाडी पहिली आली तर सगळे त्याचं नाव घेतील आणि तो माझं घेईल. तेच मला सोसणार नाही.